अ‍ॅबलोनीच्या पिल्लांना गोळीखाद्य कधी?

अ‍ॅबलोनी म्हणजे कवचाची एक समुद्री गोगलगाय. तिच्या पिल्लांचं कवच २ मिमीचं झालं की लगेच गोळीखाद्य सुरू करावं, हा सल्ला मला घाईचा वाटतो. अळी अंगातल्या पिवळ्या बलकावर जगते, पण एकदा तळाला चिकटली की तिला डायटमचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळाचा, पातळ थर लागतो. पिल्लं चिकटलेली पाटी उजेडात तिरकी धरून बघा: तपकिरी थरावर नागमोडी, स्वच्छ पट्टे दिसले तर पिल्लं चरताहेत. थर फार दाट झाला तर मात्र तो सालपटासारखा सुटतो आणि पिल्लंही सोबत निघून येतात; इथे खरंच जपायला हवं.

साधारण ५ ते १० मिमीला केल्प (मोठं तपकिरी समुद्री शेवाळ), ग्रॅसिलेरिया (लाल समुद्री शेवाळ) किंवा गोळीखाद्याकडे वळवणं मला योग्य वाटतं, तेही हळूहळू. खाद्य संध्याकाळी द्या. ही मंडळी रात्री चरतात, सकाळी टाकलेली गोळी दिवसभर पाण्यात विरघळून पाणी नासवते.

कवचाची कडही बघत जा. लाल शेवाळ खाल्लं की लालसर, गोळीखाद्यावर बऱ्याचदा हिरवट पट्टा उमटतो. आहार कधी बदलला ते त्यावरून कळतं. आणि धीर धरा, वर्षाला २-३ सेंमी वाढ म्हणजे चांगलीच.