अमेरिकेतून आणलेलं गार्मिनचं नेव्हिगेशन कोकणात चालेल का? नेट लागतं का त्याला?

पालशेतची_लेक

नमस्कार मंडळी. भावाने अमेरिकेतून येताना त्याचं जुनं गार्मिनचं नुवी बाबांसाठी आणलंय, ते काचेला चिकटवायचं असतं ना, ते. बाबा ६८ वर्षांचे आहेत, पण अजून पुण्याहून गुहागरजवळ पालशेतला स्वतःच गाडी चालवत जातात, सोबत आई असते. मला काळजी आहे ती कुंभार्ली घाटाची, कारण कोयनानगर सोडलं की फोनची रेंज येते-जाते, त्यात मागच्या वेळी फोन तापून बंदच पडला, अंधार झालेला, वर पाऊस, आणि खाली चिपळूणला उतरल्यावर गुहागरचा रस्ता सोडून भलतीकडेच गेले. आईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजावरूनच कळलं की घाबरलीय.

आता हे चालू केलं तर आत सगळी अमेरिकाच आहे. आणि अर्धा तास झाला, नुसतं सॅटेलाइट शोधतंय. सिम लागतं का याला? भारताचा नकाशा कसा टाकायचा? की फोनच बरा? गणपतीला जायचंय त्यांना, म्हणून घाई.

घाटवाट

ताई, सिम नाही लागत आणि नेटही नाही. ही डबी फक्त ऐकते, बोलत काहीच नाही. वर साधारण २०,२०० किलोमीटरवर जीपीएसचे उपग्रह फिरतात, ते सारखे वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात, डबीला कमीत कमी चार उपग्रह नीट ऐकू आले की ती स्वतः कुठे आहे ते काढते. मोबाईलच्या टॉवरचा काही संबंध नाही, म्हणजे कुंभार्लीत रेंज गेली तरी फरक पडत नाही.

शोधत बसलंय ते बिघडलंय म्हणून नाही. शेवटचं अमेरिकेत चालू होतं ना, त्याला अजून वाटतंय आपण तिथेच आहोत, त्यामुळे इथे वर कुठले उपग्रह आहेत हे त्याला माहीत नाही. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी आकाशातून उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. घरात किंवा पार्किंगमध्ये नका लावू, गच्चीवर न्या, मोकळ्या आभाळाखाली अर्धा तास न हलवता ठेवा. एकदा सापडलं की पुढच्या वेळी लवकर पकडतं.

नकाशाचं म्हणाल तर ओपनस्ट्रीटमॅपचे (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) भारताचे नकाशे गार्मिनसाठी तयार केलेले फुकट मिळतात. मेमरी कार्ड फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यात गार्मिन नावाचं फोल्डर आणि त्यात जीमॅपसप डॉट आयएमजी (gmapsupp.img) ही फाईल. मग सेटिंगमध्ये जाऊन अमेरिकेच्या नकाशाची टिक काढा, नाहीतर दोन्हींचा गोंधळ होतो.

सावकाश_चालक

माझं जरा वेगळं मत आहे. फोनमध्येही आधी घरच्या वायफायवर तो भाग ऑफलाइन उतरवून ठेवता येतो, आणि फोनमधलं जीपीएसही रेंजशिवाय चालतंच. त्यामुळे फक्त रेंजसाठी वेगळी डबी कशाला? वर पुढचं ट्रॅफिक दिसतं ते फोनलाच, जुन्या डबीत नाही.

पण काकांचा फोन तापतो म्हणताय तर मग डबी ठीक आहे. मे महिन्यात काचेवर उन्हात लावलेला फोन चार्जिंगवर असताना बंद पडलेला मी स्वतः दोनदा बघितलाय. शिवाय ऐन वळणावर फोन वाजला की नकाशा मागे जातो, नजर तिकडे जाते, वयस्कर माणसाला हे नकोच. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातही आलंय की गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघायला वापरायचं आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. पत्ता घालायचा तो गाडी निघण्याआधी, नाहीतर आईंनी घालायचा.

खाडीपलीकडे

मी दापोलीचा, हे मशीन आठ वर्षं वापरलंय, दोन गोष्टी सांगतो ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या.

पहिली, गावाचं नाव टाकून शोधायच्या भानगडीत पडू नका. फुकटच्या नकाशात वाड्या सापडत नाहीत, स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. घराचे अक्षांश-रेखांश घालून ती जागा फेवरिटमध्ये सेव्ह करा. पण घालताना पद्धत बघा! फोनवर दशांशात येतात, गुहागर म्हणजे १७.४८ आणि ७३.१९, आणि मशीन अंश-मिनिटांवर ठेवलेलं असलं तर माणूस सरळ १७ अंश ४८ मिनिटं, ७३ अंश १९ मिनिटं घालून मोकळा होतो. ते गुहागर नाहीच, ते आमच्याकडे दापोली-खेडच्या मधल्या डोंगरात येतं, ३५-४० किलोमीटर लांब. माझ्या मेव्हण्याला असंच रात्री नऊ वाजता मी आणायला गेलो होतो.

दुसरी गोष्ट फेरीबोट. दाभोळ-धोपावे जेटी मशीनला रस्त्यासारखीच दिसते, रात्री ती बंद असते हे त्याला कुठून कळणार. तुमच्या बाबांचा रस्ता घाटाने आहे तरी सेटिंगमध्ये फेरी टाळा आणि कच्चा रस्ता टाळा हे दोन्ही चालू करून ठेवा, आणि 'कमी अंतर' नाही, 'कमी वेळ' निवडा. कमी अंतरावर ठेवलं की ते कुठल्यातरी वाडीतून, कुणाच्या तरी गोठ्यामागून नेतं.

आणि पूल, दरड, बंद घाट हे कुठल्याच नकाशाच्या भरवशावर नको. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात रात्री नकाशा बघत निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली, एक माणूस गेला. वरंधा घाट तर पावसाळ्यात बंद ठेवतात, मशीन तरी तिथूनच सांगेल. पाटणला चहाला थांबतील तेव्हा हॉटेलवाल्याला विचारायचं, घाट चालू आहे ना. कुंभार्लीची खरी खबर तिथेच मिळते.

पालशेतची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. गच्चीवर ठेवलं, विसाव्या मिनिटाला सापडलं आणि बाबा अक्षरशः टाळ्या वाजवत खाली आले. कार्डवर नकाशाही चढला. आता एकच अडलंय, गाडीत घरची यूएसबी केबल लावली की स्क्रीनवर कॉम्प्युटरचं चित्र येतं आणि नकाशा जातो. आणि काचेवर नक्की कुठे लावायचं?

घाटवाट

केबलचंच आहे ते. साध्या डेटा केबलने त्याला वाटतं कॉम्प्युटरला जोडलंय. सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये जाते ती त्याची मूळ केबल भावाकडे राहिली असेल, तीच मागवा, तिच्या आतली जोडणी वेगळी असते.

काचेवर खाली, डॅशबोर्डलगत, ड्रायव्हरच्या उजव्या कोपऱ्यात. मधोमध आरशाखाली नको, घाटात डावीकडच्या वळणाला समोरची गाडी झाकली जाते. चोषणीचा रबर आणि काच दोन्ही ओल्या फडक्याने पुसून कोरडी करून मगच दाबा. आणि गाडी उन्हात लावली की काढून डिकीत ठेवा, आतली बॅटरी लिथियमची आहे, बंद गाडीच्या काचेमागे ती फुगते.

पालशेतची_लेक

केबल मागवली. परवा रविवारी बाबांना घेऊन उंब्रजपर्यंत जाऊन येणार आहे, मी शेजारी बसून. त्यांनी वहीत टप्पे लिहिलेत, उंब्रज, पाटण, कोयनानगर, चिपळूण, मार्गताम्हाने, शृंगारतळी, आणि प्रत्येक टप्पा मशीनमध्ये वेगळा सेव्ह करायचाय म्हणतात. गुहागरचे आकडे आम्ही दोघांनी दोनदा तपासून घातले, दशांशातच.