मदत हवी आहे : लोसार्टन दिलं तरी पेशी वाढतच आहेत

नमस्कार मंडळी. उंदराच्या महाधमनीतल्या स्नायूपेशींवर रक्तदाबाच्या औषधांचा काय परिणाम होतो ते पाहते आहे. १०% सीरम (वाढीचे घटक असलेला रक्तद्रव) घातलेल्या माध्यमात अमलोडिपिन दिलं की पेशींची संख्या कमी भरते. लोसार्टनने मात्र फरकच नाही. चार दिवसांत प्लेट गच्च, टेकड्या-दऱ्यांसारखी ती ओळखीची नक्षीसुद्धा दिसते.

मला वाटतं, सीरममधला पीडीजीएफ हा वाढीचा घटक वेगळ्याच वाटेने वाढ घडवतो, आणि लोसार्टन अडवतं ते फक्त रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिन २ या संप्रेरकाचा एटी१ रिसेप्टर (पेशीवरचा ग्राहक). म्हणून २४ तास पेशी जवळपास सीरमशिवाय ठेवून अँजिओटेन्सिन दिलं. संख्या तेवढीच राहिली, पण पेशी फुगल्या, प्रत्येकीतलं प्रथिन वाढलं. ही वाढ लोसार्टनने थांबवली! फार आनंद झाला.

आता प्रथिनच मोजू, की ब्रडयू (नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारी खूण) घालून डीएनएही पाहू? लोसार्टनचं जास्त प्रभावी रूप यकृतात तयार होतं, प्लेटमध्ये यकृत कुठलं; मग तो मेटाबोलाइट थेट घालावा का? शिवाय अमलोडिपिन मी १० मायक्रोमोलर देते, रुग्णाच्या रक्तात ते नॅनोमोलरमध्येच असतं. तो परिणाम कितपत खरा मानायचा?

स्वतः हे केलेल्यांनी कृपया लवकर सांगा, पेशी पाचव्या पॅसेजला (नव्या प्लेटमध्ये पाचव्यांदा हलवण्याला) आल्यात.