मदत हवी आहे: इंकस्केपमध्ये मराठी ओळ कमानीत वाकवताना शिरोरेषा कशी सांभाळावी?

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या स्वागतकमानीचं डिझाइन इंकस्केप या मोफत चित्ररचना सॉफ्टवेअरमध्ये करतोय. 'श्री गणेशमूर्ती दर्शन मार्ग' ही ओळ कमानीच्या वळणात बसवायची आहे.

टेक्स्ट पाथवर (म्हणजे आखलेल्या वक्र रेषेवर) बसवलं की प्रत्येक अक्षर आपापलं फिरतं, पण स्वतः वाकत नाही. इंग्रजीत ते खपून जातं. आपली शिरोरेषा मात्र कोनाकोनाने मोडल्यासारखी दिसते. म्हणून ऑब्जेक्ट टू पाथ (अक्षरांचे नुसते आकार करणं), मग युनियन (ते आकार एकत्र जोडणं) करून एन्व्हलप डिफॉर्मेशन, म्हणजे कडा ओढून आकार वाकवणारा इफेक्ट, लावलं. त्यात वर, खाली, डावी, उजवी अशा चारच कडा हाती येतात. वरची कड उचलली की 'मूर्ती'चा रफार ताणला जातो आणि त्याखालची शिरोरेषाही जाड होते. शिवाय पाथ झाल्यावर मजकूर बदलता येत नाही, आणि आमची कार्यकारिणी शेवटपर्यंत शब्द बदलत असते!

इंकस्केपच्याच लॅटिस डिफॉर्मेशन या इफेक्टमध्ये आकार वाकवायला बिंदूंची जाळी मिळते, पण ती ठरलेली. अडोबीच्या इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरमधल्या एन्व्हलप मेशमध्ये जाळीच्या ओळी-रकाने आपण ठरवतो. तसं इथे हवं. शिरोरेषेच्या वर-खाली एकेक आडवी ओळ टाकून तेवढा पट्टा सारख्या जाडीचा ठेवता आला पाहिजे, आणि अक्षरं टाइप करण्याजोगी राहिली पाहिजेत.

ही सूचना गिटलॅबवर (इंकस्केपचं विकासाचं काम चालतं त्या संकेतस्थळावर) इंकस्केपच्या विकासकांपुढे मांडायची आहे. कुणी आधी मांडली आहे का? नसेल तर देवनागरी लिपीची अडचण त्यांना नेमकी समजेल अशी नमुना चित्रं करायला कोण मदत करेल? आणि तोवर शिरोरेषा वेगळी काढून, वाकवून परत जोडण्याची पद्धत कुणी वापरली असेल तर जरूर सांगा.