मदत हवी आहे: स्पीच थेरपीचं लायसन्स न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला ट्रान्सफर करायचंय

मृण्मयी_एनजे
मी स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट आहे. नवऱ्याची बदली झाली, ऑगस्टमध्ये बे एरियात जायचंय. तिकडच्या एका क्लिनिकची ऑफर हातात आहे. त्यांच्या एचआरच्या बाई म्हणाल्या होत्या, "आशाचं सर्टिफिकेट आहे ना, मग लायसन्स आपोआप होतं." मी त्या भरवशावर राहिले. आता अर्ज अपूर्ण असल्याची ईमेल आलीय आणि रुजू व्हायला सात आठवडे उरलेत. कोणी केलंय का हे? लवकर सांगा प्लीज.

रानजाई
काय अपूर्ण आहे? ईमेलमध्ये लिहिलेलं असतं ते.

सह्याद्री७२
आशा म्हणजे गावात घरोघरी जाणाऱ्या आशाताई ना? त्यांचं सर्टिफिकेट अमेरिकेत कसं चालतं?

रानजाई
नाही हो काका. ही अमेरिकेतल्या स्पीच आणि ऑडिओलॉजीवाल्यांची संघटना. तिचं सीसीसी हे प्रमाणपत्र देशभर मानतात, पण लायसन्स ज्या त्या राज्याचं.

डॅलसकर
एवढं कशाला? इंटरस्टेट कॉम्पॅक्ट, म्हणजे एकमेकांचं लायसन्स मानण्याचा राज्याराज्यांतला करार, झालाय ना, तीसच्या वर राज्यं आहेत त्यात. माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे, त्यांच्याकडे कॉम्पॅक्ट कधीपासून सुरू आहे. त्यातूनच घ्या, मोकळ्या व्हाल.

बेएरियाकर
डॅलसकर, कॅलिफोर्निया त्यात नाही. आणि असतं तरी उपयोग नव्हता. राहायचं एका राज्यात आणि काम दुसऱ्या राज्यातही करायचं, अशांसाठी कॉम्पॅक्ट आहे. घरच हलवलं की नव्या राज्याचं लायसन्स काढावंच लागतं.

मृण्मयी, ट्रान्सफर असा प्रकारच नाही. नवा अर्ज, नवी फी. सीसीसी असल्याचा फायदा एवढाच की शिक्षण, प्रॅक्सिस परीक्षा, क्लिनिकल फेलोशिप (शिक्षणानंतर देखरेखीखाली केलेलं काम) हे सगळं पूर्ण धरलं जातं. मी इलिनॉयहून आले तेव्हा हेच केलं. पण क्लिनिक की शाळा ते नक्की सांगा. इथल्या सरकारी शाळेत नोकरी असेल तर राज्याच्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाचं लायसन्स लागत नाही, शिक्षक-प्रमाणपत्रांच्या कमिशनचं क्रेडेन्शियल लागतं.

डॅलसकर
आज नाही तर उद्या कॅलिफोर्निया येईलच. मी दिशा सांगत होतो.

बेएरियाकर
त्यांना ऑगस्टमध्ये कामावर जायचंय.

मृण्मयी_एनजे
क्लिनिकच. लहान मुलांचं. ईमेलमध्ये दोन गोष्टी आहेत: बोटांचे ठसे आलेले नाहीत, आणि दुसऱ्या राज्याच्या लायसन्सचं व्हेरिफिकेशन नाही. पण न्यू जर्सीचं व्हेरिफिकेशन पोचल्याचं त्यांनीच कळवलंय! ठसे शाईचे, कार्डावर घेऊन टपालाने पाठवलेत.

रानजाई
फेलोशिप कुठे केलीत?

मृण्मयी_एनजे
ओहायोत. ते तात्पुरतं लायसन्स होतं, संपून चार वर्षं झाली.

रानजाई
तेच मागतायत. आजवर जिथे जिथे लायसन्स होतं त्या प्रत्येक राज्याचं लागतं, संपलेलं असलं तरी. ओहायोकडे आजच मागणी टाका.

मृण्मयी_एनजे
टाकली. ऑनलाइन शोधलं तर माझं नावच सापडत नाही!! रडायला येतंय आता.

निवांत_नाही
लग्नाआधीचं का?

मृण्मयी_एनजे
हो. फेलोशिप संपल्यावर लग्न झालं. तेव्हा मधलं नाव वडिलांचं होतं, आता नवऱ्याचं. आडनावही बदललं.

निवांत_नाही
मग जुन्या नावाने शोधा, सापडेल. माझ्या नर्सिंगच्या लायसन्सला अगदी हेच झालं. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं ही आपली रीत इथल्या माणसाला ठाऊक नसते. पहिलं नाव सोडून बाकी दोन्ही वेगळी म्हणजे त्यांच्या लेखी दोन बायका. अर्जात आधीच्या नावांचा रकाना असतो, तो रिकामा सोडला असेल तर आत्ताच कळवा, सोबत विवाह प्रमाणपत्राची प्रत. आशाकडेही नाव एकच आहे ना बघा.

कोकणस्थ_पुणे
आधी राजपत्रात नावबदल छापून घ्या. गॅझेट असलं की कोणी शंका काढत नाही.

निवांत_नाही
लग्नाने बदललेल्या नावाला मला इथे कोणी गॅझेट मागितलं नाही, विवाह प्रमाणपत्रावर काम झालं. सात आठवड्यांत त्यांना त्या फेऱ्यात घालू नका. दाखला ग्रामपंचायतीचा, फक्त मराठीत असेल तर मात्र प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

सह्याद्री७२
आमच्या भाचीने बीएएसएलपी (स्पीच आणि ऑडिओलॉजीची पदवी) केलं, आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नंबर मिळाला, आता पुणे काय नि कोलकाता काय, एकच नंबर. तिने अमेरिकेला यावं का?

बेएरियाकर
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा, नक्की लिहीन. मास्टर्स लागतंच, एवढं तिला आत्ताच सांगा.

मृण्मयी, ठशांचं: टपालाच्या कार्डांना वेळ लागतो. लाइव्ह स्कॅनचे ठसे संगणकावरून थेट जातात, पण ते कॅलिफोर्नियातच देता येतात. घर बघायला येणार असाल तर त्याच फेरीत देऊन टाका. बोर्डाचा फॉर्म छापून आणा. पुढे कधी शाळेत गेलात तर कमिशनसाठी पुन्हा द्यावे लागतील, एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. आणि लायसन्स नंबर येईपर्यंत एकाही मुलाला थेरपी देऊ नका, क्लिनिकने कितीही गळ घातली तरी.

मृण्मयी_एनजे
पुढच्या शुक्रवारी सॅन होजेला येतोय आम्ही, तेव्हाच देते. ओहायोचं जुन्या नावाने लगेच सापडलं. इथली चार मुलं ऑनलाइन चालू ठेवायचा विचार आहे, पण मी तर कॅलिफोर्नियात असेन, मग न्यू जर्सीचं लायसन्स सोडू ना?

रानजाई
अजिबात सोडू नका! मूल ज्या राज्यात बसलंय तिथलं लायसन्स लागतंच. तुम्ही कॅलिफोर्नियात बसून थेरपी देणार, म्हणून तिथलंही हवं.

आईची_शाळा
विषय सोडून विचारते, माफ करा. आम्ही फ्रीमाँटला असतो. मुलगा अडीच वर्षांचा, जेमतेम दहा शब्द बोलतो. डेकेअरवाल्या म्हणतात, घरी मराठी बंद करा. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. काय करू?

मृण्मयी_एनजे
मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं असं नाही. आजीने बोलणं थांबवलं तर त्याच्या कानावर पडणारे शब्दच कमी होतील. शब्द मोजताना मराठी, इंग्रजी दोन्ही मोजा. तरी अडीच वर्षांना दहा म्हणजे तपासणी हवीच, थांबू नका. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कॅलिफोर्नियात अर्ली स्टार्ट ही सरकारी योजना आहे, ती चालवणाऱ्या तुमच्या भागातल्या रीजनल सेंटरला स्वतः फोन करा, डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही. तीन पूर्ण झाले की काम शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जातं, म्हणून याच आठवड्यात करा. ऐकण्याची चाचणी झालीय का त्याची?