फ्रीजमधली स्टाउट बेचव का लागली?

कोथरूडकर:
मित्राकडे प्यायलेल्या स्टाउटला (भाजक्या धान्याची काळी बिअर) कॉफी, डार्क चॉकलेटचा इतका खमंग वास होता की दुसऱ्याच दिवशी तीच आणली. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, ग्लास फ्रीजरमध्ये. प्यायलो, तर नुसतं कडवट पाणी! बिअर खराब होती का?

सिंहगडरोडवाला:
अजिबात नाही, फार गार होती. बिअरची निम्मी चव नाकात असते. गारठ्यात सुगंधी द्रव्यं फारशी उडत नाहीत आणि जीभही बधिर होते. गोडवा दबतो, कडवटपणा उरतो. घरचा फ्रीज साधारण 4 अंशांचा. लागरला, म्हणजे नेहमीच्या फिक्या बिअरला, ते चालतं, स्टाउटला 10 ते 13 अंश हवेत. व्हीट बिअर, म्हणजे गव्हाची, या दोघींच्या मधली, 7 ते 10. केळ्या-लवंगेचा वास येतो तो तिथेच. आणि ग्लास गोठवू नका, कृपा करून. बर्फाचा थर वितळून बिअर पातळ होते, फेसही बिघडतो.

बाणेरकर:
पण पुण्याच्या मे महिन्यात बाहेर ठेवली तर?

सिंहगडरोडवाला:
पंधरा मिनिटं पुरे. जास्त गरम झाली तर गॅस सुटतो, फेस उसळतो. उन्हात मात्र कधीच नको, हिरव्या बाटलीला तर प्रकाशानेच घाण वास येतो.

कोथरूडकर:
आज ओट्यावर ठेवून, साध्या ग्लासात ओतली. पहिला घोट जेमतेम. तिसऱ्या-चौथ्याला कॉफी आली, अगदी मित्राकडच्यासारखी. मनापासून आभार.