भिलांच्या हातात लाकडी तलवार द्यायची?

सातपुडेकर:
काल एका काकांनी इथे लिहिलं की उदयपूरला भिलांचा हाथीमना पाहिला, नाच छान, पण खरी पाती कशाला, लाकडी द्या. वर पुस्ती, की तलवार ही भिलांची नव्हेच, रजपुतांकडून उचललेली. वाचून डोकं फिरलं.

हाथीमना हा लग्नातला नाच. पुरुष गुडघ्यांवर बसून तलवार फिरवतात. गुडघे टेकलेले, त्यामुळे उडी मारून बाजूला व्हायची सोय नाही. सगळी भिस्त मनगटावर. पात्याला वजन असतं म्हणून मनगट ढोलाच्या ठेक्याला थांबतं. लाकूड दिलंत की हात नुसताच भिरभिरणार, ताल पुढे पळणार. आणि मेवाडचं राजचिन्ह बघा: एका बाजूला रजपूत, दुसऱ्या बाजूला भील. खांद्याला खांदा लावून लढलेल्यांना तलवार उसनी आणावी लागते का?

निवृत्त पुणेकर:
त्या राजचिन्हातल्या भिलाच्या हातात तिरकामठा आहे, तलवार नाही. माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत. आणि लग्नात दारू असते, पोरं घोळक्यात घुसतात. माझ्या आतेभावाच्या वरातीत असल्याच हौसेपायी एकाच्या कपाळाला टाके पडलेत. रक्त मी पुसलंय, तुम्ही नाही.

कोर्टकचेरी:
1959 चा शस्त्र कायदाही बघा. अधिसूचित भागात नऊ इंचांपेक्षा लांब पात्याला परवाना लागतो. परंपरा आहे म्हटलं म्हणून पोलीस सोडत नाहीत.

सातपुडेकर:
इंग्रजांनी 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. तेव्हा भिलाच्या हातात बंदूक चालली. स्वतःच्या लग्नात तलवार धरली की लगेच कायदा आठवतो!

धडगावची ताई:
तलवारीचं काय घेऊन बसलात? ढोल कुठे उरलाय ते विचारा. आमच्याकडे लग्नाला डीजे येतो, म्हातारे ढोलवाले कडेला बसून राहतात. काठी गावच्या होळीला अजून रात्रभर ढोल वाजतो, म्हणून तर कमरेला भोपळे बांधलेले बुध्या, म्हणजे होळीचे नाचे, पहाटेपर्यंत नाचतात. डीजेवर ना तलवार फिरेल ना पाय पडेल.

नंदुरबारी पोरगा:
ताई, तुमच्या गणपतीत डीजे चालतो, आम्ही लावला की संस्कृती बुडाली? आम्ही काय संग्रहालयात ठेवायच्या वस्तू आहोत? माझ्या बहिणीच्या लग्नात दोन्ही होतं.

धडगावची ताई:
'तुमच्या' कोण? मी पावरा आदिवासी आहे, दादा. माझा मामा ढोल वाजवतो आणि गेल्या वर्षी त्याला एकही सुपारी आली नाही. त्याला काय सांगू?

नंदुरबारी पोरगा:
मग मामांना डीजेएवढे पैसे द्यायला सांगा लोकांना. आमच्याकडे ढोलवाल्याला जेवण आणि टॉवेल देऊन वाटेला लावतात. त्यांची पोरं कशाला शिकतील ढोल?

धडगावची ताई:
पैशाचं खरंय. डीजेचं नाही.

निवृत्त पुणेकर:
मूळ मुद्दा राहिला. बरं, खरी पाती राहू द्या. पण रिंगण आखा, प्यायलेल्याला आत घेऊ नका, पोरं लांब ठेवा. रजपुतांबद्दलचं मत मी बदलत नाही.

सातपुडेकर:
नका बदलू. लाकडी तलवार मागे घेतलीत, तेवढं पुरे. रिंगणाचं म्हणाल तर तुमच्या आतेभावाच्या वरातीत ते कुणी आखलं होतं का?

नंदुरबारी पोरगा:
ताई, मामांचा नंबर निरोपातून पाठवा. वैशाखात चुलत भावाचं लग्न आहे. डीजे मात्र राहणार.