‘चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता’ : न्यायालयीन वृत्तांतातील शब्दांविषयी

शंका

गाजलेल्या खटल्यांच्या मराठी बातम्यांत एक वाक्य हमखास भेटते: ‘शिक्षा सुनावली जात असताना आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता.’ याउलट एखाद्या आरोपीने झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटत असल्याचे न्यायालयात सांगितले, तर तेच बोलणे एका वृत्तपत्रात ‘खेद’, दुसऱ्यात ‘दिलगिरी’ आणि तिसऱ्यात ‘पश्चात्ताप’ होऊन येते. इंग्रजी निकालपत्रांत ‘रिग्रेट’ आणि ‘रिमोर्स’ हे शब्द विचारपूर्वक वेगळे ठेवलेले दिसतात. मराठीत हा फरक राखायचा झाल्यास कोणते शब्द वापरावेत? ‘पश्चात्ताप’ या एकाच शब्दावर आपण फार भार टाकतो आहोत का?

प्रतिसाद

निकालपत्रे मराठीत आणण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि या शब्दापाशी अनेकदा अडलो आहे. मराठीत शब्दांची वानवा नाही. उलट आपले व्याकरणच हा फरक शिकवते आणि बातमी लिहिताना आपण तो पुसून टाकतो, असे माझे मत झाले आहे.

आधी क्रियापदांकडे पाहावे. माफी मागितली जाते, खेद व्यक्त केला जातो, कबुली दिली जाते, प्रायश्चित्त घेतले जाते. ही सारी माणसाने ठरवून करण्याची कामे आहेत आणि तिथे कर्ता ‘त्याने’ असा येतो. पश्चात्ताप मात्र ‘त्याला’ होतो. उपरतीही त्याला होते. भूक लागावी किंवा रडू यावे, तशी ती आतून उद्भवणारी आणि हुकुमाने न येणारी गोष्ट आहे. ‘पश्चात्ताप करणे’ हा प्रयोग मराठीला परका नाही. बायबलच्या मराठी भाषांतरातले ‘पश्चात्ताप करा’ हे शब्द परिचित आहेत, पण तिथे अपेक्षा आयुष्याची दिशा बदलण्याची आहे. ‘पश्चात्ताप व्यक्त केला’ हा बातमीतला प्रयोग मात्र मला खटकतो, कारण त्यात होण्याची गोष्ट करण्याच्या साच्यात बसवली जाते आणि बातमीदाराने आरोपीच्या मनात डोकावून पाहिले आहे, असा वाचकाचा समज होतो.

आता एकेका शब्दाकडे येऊ. ‘खेद’ सर्वांत हलका, कारण त्याला अपराध लागतच नाही. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचाही खेद वाटू शकतो. ‘दिलगिरी’ फारसीतून आलेली आहे, आणि ‘दिलगीर’ म्हणजे मुळात खिन्न, उदास मनाचा. आज हा शब्द पूर्णपणे कार्यालयीन झाला आहे: छपाईतली चूक, सभेला झालेला उशीर, रद्द झालेला कार्यक्रम. खुनाच्या खटल्यात आरोपीच्या तोंडी ‘दिलगिरी’ घातली, तर मृताच्या आईला ते वाक्य वाचताना काय वाटेल, याचा विचार संपादकांनी करावा असे मला कळकळीने वाटते.

‘पस्तावा’ हा शब्द या चर्चेत सर्वांत मोलाचा आहे. तो ‘पश्चात्ताप’चाच प्राकृतातून घासून आलेला भाऊ, पण बोलीत त्याचा अर्थ सरकला आहे. ‘ऐक माझे, नाहीतर पस्तावशील’ असे आपण म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या नुकसानीकडे बोट दाखवत असतो. पस्तावणारा माणूस आपल्या पदरी काय पडले, याचा हिशेब करतो. पश्चात्ताप झालेल्या माणसाच्या हिशेबात दुसरा असतो. शिक्षा ठरवताना न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न असतो: हा माणूस सापडल्याचे दुःख करतो आहे, की केल्याचे?

दक्षिण आफ्रिकेच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१० मध्ये मात्यित्यी खटल्यात हा फरक फार स्वच्छ मांडला. रिग्रेट आणि रिमोर्स यांत मोठी दरी आहे, पुष्कळ आरोपींना कृत्याचा खेद होतो पण तेवढ्याने तो खरा रिमोर्स ठरत नाही, आणि रिमोर्स म्हणजे दुसऱ्याच्या दुर्दशेपायी सदसद्विवेकबुद्धीला लागलेली कुरतड, असा त्या विवेचनाचा आशय आहे. आरोपी न्यायालयात काय बोलला यापेक्षा तो वागला कसा, हे पाहावे, असेही तिथे म्हटले आहे. पुढे तिथलाच धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याच्यावरील प्रेयसीच्या खुनाच्या खटल्यात हा फरक जगभर गाजला. २०१४ मध्ये त्याने आपल्या साक्षीची सुरुवातच मृत रीव्हा स्टीनकॅम्पच्या कुटुंबाची माफी मागून केली होती. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्याची सहा वर्षांची शिक्षा वाढवून १३ वर्षे ५ महिने केली, आणि त्याच्या ठायी खरा पश्चात्ताप दिसत नाही, गोळ्या का झाडल्या याचा पटण्याजोगा खुलासा त्याने कधी केलाच नाही, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. मराठीत याचे एका वाक्यात वार्तांकन करायचे तर ‘माफी मागितली, पण पश्चात्ताप झाल्याचे न्यायालयाला आढळले नाही’ असे म्हणता येते, आणि या वाक्यात दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी आहेत.

‘कुरतड’ हा शब्द मी वर मुद्दाम वापरला. ‘रिमोर्स’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘पुन्हा चावणे’ असा आहे. आपल्याकडे ‘त्याचे मनच त्याला खाते’ असे म्हणतात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच अनुभव दातांशी जोडावा, हे मला विलक्षण वाटते. संस्कृत वळणाचे शब्द मात्र हा अनुभव उष्णतेशी जोडतात: पश्चात्ताप म्हणजे नंतरचा ताप, अनुताप म्हणजे मागोमाग येणारा ताप. निकालपत्राच्या भाषांतरात ‘मन खाणे’ घालता येणार नाही, पण बातमीत किंवा लेखात ते निःसंकोच वापरावे.

आक्षेप

हे सारे मान्य केले तरी बातमीदाराला जे दिसते ते त्याने लिहायचे नाही का? आरोपी हसत होता, पोलिसांशी गप्पा मारत होता, मृताचे नातेवाईक समोर रडत होते. अशा वेळी ‘लवलेशही नव्हता’ हे वाक्य वाचकाच्या मनातलेच बोलते. शिवाय पश्चात्ताप नाही हे सांगणे समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

उत्तर

दिसले ते लिहावेच. ‘हसत होता’ हे दिसले, ‘पश्चात्ताप नव्हता’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, आणि पहिले वाक्य छापले की दुसऱ्याची गरज उरत नाही. मात्र खरी अडचण याहून खोल आहे. ती आहे वेळेची.

‘आरोपी’ आणि ‘दोषसिद्ध’ या दोन शब्दांमधले अंतर ज्याने राखले नाही, त्याने पश्चात्तापाबद्दल लिहूच नये. ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, तो कायद्याने निर्दोष आहे. निर्दोष माणसाला कशाचा पश्चात्ताप व्हायचा? खटल्यात पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला एकेक प्रश्न विचारतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली होई, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली होते. त्या कागदांवर पानेच्या पाने ‘खोटे आहे’, ‘मला माहीत नाही’ अशी उत्तरे असतात. त्यात पश्चात्ताप शोधणे चुकीचे आहे, कारण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही हे संविधानाच्या अनुच्छेद २० (३) मध्येच आहे.

पश्चात्तापाला जागा मिळते ती दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षेच्या मुद्द्यावरील सुनावणीत, आणि तिथेही ती जागा किती अरुंद असते हे मी पाहिले आहे. एका सत्र न्यायालयात नुकताच दोषी ठरलेला एक माणूस कठडा दोन्ही हातांनी धरून उभा होता. काही सांगायचे आहे का, असे न्यायाधीशांनी विचारले. त्याने आधी वकिलाकडे पाहिले आणि मग म्हणाला, ‘आई म्हातारी आहे, मुलगी लहान आहे, कमीत कमी शिक्षा द्यावी.’ एवढेच. दुसऱ्या दिवशी त्याला पश्चात्ताप नसल्याचे छापून आले. मी मात्र मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्याच्या वकिलाचे शब्द ऐकले होते: अपील करायचे आहे, गुन्ह्याविषयी एक अक्षर बोलू नकोस. त्याच्या मनात काय होते, हे मला सांगता येणार नाही, आणि ते त्या बातमीदारालाही सांगता येण्यासारखे नव्हते.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या बच्चनसिंग निकालात फाशीसाठी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी घालून दिली, तेव्हा शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितीच्या यादीत पश्चात्ताप असे स्वतंत्र कलम नव्हते. होती ती आरोपी सुधारण्याची आणि पुनर्वसित होण्याची शक्यता, आणि ती नाही हे पुराव्याने दाखवण्याचा भार राज्यावर टाकलेला होता. म्हणजे ‘पश्चात्’ हा शब्द मागे पाहतो, तर न्यायालय पुढे पाहत असते. पश्चात्ताप हा तिथे सुधारणेच्या शक्यतेचा एक दाखला म्हणून येतो. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे मानसिक मूल्यमापन आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती सत्र न्यायालयाच्या पातळीवरच मागवण्यास सांगितले. चेहरा वाचण्यापेक्षा ही वाट कितीतरी भरवशाची आहे.

आणखी एक शंका

मग ‘गुन्ह्याची कबुली’ आणि ‘पश्चात्ताप’ यांचा संबंध काय? बातम्यांत कबुली आली की पुढच्याच वाक्यात पश्चात्ताप येतो.

उत्तर

हा संबंध आपण गृहीत धरतो आणि इतिहास तो पुन्हा पुन्हा मोडतो. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर महात्मा गांधींनी राजद्रोहाचा आरोप कबूल केला आणि कायद्यातली कठोरातली कठोर शिक्षा मागितली. ती निखळ कबुली होती आणि तिच्यात पश्चात्ताप औषधालाही नव्हता, कारण राजद्रोह हे त्यांना कर्तव्य वाटत होते. ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षांची शिक्षा देताना लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेचा दाखला दिला. त्या खटल्यात टिळकांनी ज्यूरीने दोषी ठरवल्यावरही आपण निर्दोषच असल्याचे सांगितले होते. दोघांनाही शिक्षा सहा वर्षांचीच झाली, एकाने कबुली दिली, दुसऱ्याने नाकारली, आणि पश्चात्ताप दोघांनाही नव्हता.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अजमल कसाब आहे. निर्दोष माणसे मारणाऱ्याची गोष्ट वर सांगितलेल्या दोघांच्या शेजारी ठेवताना मला संकोच होतो, पण शब्दाचा अर्थ नीट कळण्यासाठी ती आवश्यक आहे. दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या कबुलीजबाबात, इतरांनी आपल्यासारखे व्हावे, आपला कित्ता गिरवावा, यासाठी आपण कबुली देत असल्याचे त्याने सांगितले होते. २० जुलै २००९ रोजी खटला चालू असताना त्याने पुन्हा अचानक गुन्हा कबूल केला, तरी विशेष न्यायालयाने खटला तेवढ्यावर न संपवता पुढे चालवला. २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशी कायम करताना त्याने कधीही पश्चात्ताप दाखवला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले. कबुलीच पश्चात्तापाच्या अभावाचा पुरावा ठरावी, असे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

‘माफीचा साक्षीदार’ या शब्दानेही बराच घोळ होतो. इथे ‘माफी’ म्हणजे संपूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर कायद्याने देऊ केलेली सवलत. साक्षीदाराने कोणाची माफी मागितलेली नसते आणि त्याला पस्तावा झालेला असावा, अशी अटही नसते. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात असा साक्षीदार होता. त्याच खटल्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात आत्मकथन लिहिले. ते मराठीत आहे, पण त्याचे शीर्षक ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ असे इंग्रजी आहे. या शीर्षकापाशी मी अनेकदा थांबलो आहे. ‘मी दोषी आहे’ म्हटले तर तो न्यायालयाचा निष्कर्ष वाटतो, ‘मी अपराधी आहे’ म्हटले तर ते देवापुढचे बोलणे वाटते, आणि ‘गुन्हा मला कबूल आहे’ हे तर न्यायालयाने आरोप वाचून दाखवल्यावर द्यायचे ठरावीक उत्तर आहे. ‘गिल्टी’ या शब्दात कायद्याचा ठपका आणि मनाची टोचणी दोन्ही एकत्र राहतात. मराठीत त्या दोघींची घरे वेगळी आहेत.

पुरवणी

‘अनुताप’ हा शब्द वर एकदाच आला, म्हणून एक विनंती. तो न्यायालयाच्या भाषेत आणू नये. अनुतापात चित्त न्हाऊन निघणे हेच प्रायश्चित्त, असे तुकोबा म्हणतात, आणि अनुतापाने दोष निमिषात जातो, असेही सांगतात. न्यायालयात दोष असा जात नाही. तिथे पश्चात्ताप खरा ठरला तरी फार तर शिक्षा कमी होते, दोषसिद्धी कायम राहते.

लेखनाबद्दल: पश्चात् आणि ताप मिळून ‘पश्चात्ताप’, म्हणून यात दोन त आहेत. तसेच ‘प्रायश्चित्त’. ‘पश्चाताप’ आणि ‘प्रायश्चित’ ही रूपे ठळक मथळ्यांतही दिसतात. ती दुरुस्त करावीत. ‘पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता’ या मथळ्याऐवजी, निकालपत्रात तसा उल्लेख असेल तर, मी ‘दोषसिद्ध आरोपीला पश्चात्ताप झाल्याचे आढळत नाही : न्यायालय’ असे लिहीन, आणि तसा उल्लेख नसेल तर शिक्षा ऐकताना तो काय म्हणाला, एवढेच.